अन्नाची ॲलर्जी : तपासणीच्या आधी, तपासणीत आणि तपासणीनंतर काय करावे

नागपुरात आज एका फोनवर माणूस घरी येतो, दंडातून रक्त घेतो आणि काही दिवसांत कित्येक पदार्थांची नावे असलेला ‘फूड ॲलर्जी पॅनेल’चा अहवाल मोबाईलवर येऊन पडतो. अंगावर वारंवार गांधी उठणारी माणसे, खाजऱ्या त्वचेच्या बाळांचे आईवडील, जेवणानंतर पोट फुगणारे, सर्दी न हटणारे असे सगळेच या तपासणीकडे आशेने पाहतात आणि ती आशा समजण्यासारखी आहे. मात्र बऱ्याच घरांत हा अहवाल हाती आल्यानंतर गोंधळ कमी होण्याऐवजी वाढतो. गहू, दूध, तूरडाळ, शेंगदाणे, वांगे अशा अर्ध्या स्वयंपाकघरासमोर लाल खूण दिसते आणि उद्या मुलाच्या डब्यात काय द्यायचे, हा प्रश्न उभा राहतो.

ॲलर्जीचे प्रमाण जगाच्या काही भागांत खरोखरच वाढले आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात एक वर्षाच्या बाळांना दवाखान्यात प्रत्यक्ष पदार्थ खाऊ घालून केलेल्या अभ्यासात दहा टक्क्यांहून अधिक बाळांना कोणत्या ना कोणत्या अन्नाची ॲलर्जी आढळली. ब्रिटनमध्ये अन्नामुळे झालेल्या तीव्र ॲलर्जीसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण १९९८ ते २०१८ या काळात सुमारे तिप्पट झाले. आपल्याकडचे चित्र वेगळे आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. कर्नाटकात प्रौढांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘युरोप्रेव्हल-इन्को’ अभ्यासात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्धची आयजीई प्रतिपिंडे, म्हणजे झटपट उमटणाऱ्या ॲलर्जीत भाग घेणारी रक्तातील प्रथिने, सापडली, पण तो पदार्थ खाल्ल्यावर खरोखर त्रास होत असावा असे मानण्याजोगे लोक होते १.२ टक्के. म्हणजे रक्तात खूण सापडलेल्या वीस-बावीस जणांमागे एखाद्यालाच खरी ॲलर्जी असण्याची शक्यता होती. तपासणी करण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने हे अंतर समजून घ्यावे, यासाठी हा लेख आहे.

सर्वांत आधी : धोक्याची वेळ ओळखणे

बाकी सर्व पायऱ्या सावकाश करता येतात, ही मात्र नाही. काही खाल्ल्यानंतर काही मिनिटांत ते दोन तासांच्या आत अंगभर गांधी किंवा चेहऱ्यावर सूज आली आणि सोबत श्वास लागणे, छातीत घरघर, आवाज घोगरा होणे, घसा आवळल्यासारखे वाटणे, एकामागून एक उलट्या, चक्कर किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काही दिसले, तर ती ॲनाफिलॅक्सिस म्हणजे जिवावर बेतू शकणारी ॲलर्जी समजावी. लहान बाळ अचानक फिके पडून मलूल झाले तरी तोच संशय धरावा. काही वेळा त्वचेवर काहीच दिसत नाही, म्हणून गांधी नाहीत या कारणाने थांबू नये.

यावरचे पहिले औषध ॲड्रेनलिन आहे आणि ते मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत द्यायचे असते. सेट्रिझिनसारखी गोळी खाज कमी करते, पण बंद होत चाललेली श्वासनलिका उघडत नाही आणि घसरणारा रक्तदाब सावरत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनला परिणाम दाखवायला काही तास लागतात. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत, श्वास फार लागत असेल तर बसू द्यावे, पण उभे करू नये आणि चालवत नेऊ नये. पहिल्या डोसने पाच ते पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा द्यावा लागतो. बरे वाटल्यानंतरही काही तास रुग्णालयात थांबणे आवश्यक असते, कारण लक्षणे दुसऱ्यांदा उसळू शकतात. शक्य असल्यास त्याच वेळी ट्रिप्टेज या रक्ततपासणीसाठी नमुना घेण्याची विनंती डॉक्टरांना करावी. त्रास सुरू झाल्यापासून पहिल्या काही तासांत घेतलेला हा नमुना पुढील निदानाला उपयोगी पडतो.

पहिली पायरी : त्रास कोणत्या जातीचा आहे ते ठरवणे

अन्न मानवत नाही म्हणजे ॲलर्जीच आहे, असे नाही. ॲलर्जीत शरीराची प्रतिकारशक्ती अन्नातील प्रथिनाला शत्रू समजते. आयजीई प्रकारच्या ॲलर्जीत लक्षणे झपाट्याने येतात, अगदी थोडा अंशही पुरतो आणि तोच पदार्थ खाल्ल्यावर तोच त्रास साधारणपणे पुन्हा होतो. दुसऱ्या प्रकारात आयजीईचा संबंध नसतो आणि लक्षणे तासांनी किंवा दिवसांनी उमटतात. वरकरणी निरोगी, वाढ चांगली असलेल्या तान्ह्या बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे दिसणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. त्यात गाईच्या दुधातील प्रथिनाचा हात असू शकतो आणि त्वचेची किंवा आयजीईची तपासणी अशा बाळात बहुधा निर्दोष येते.

लॅक्टोज न पचणे ही तिसरीच गोष्ट आहे. दुधातील साखर पचवणारे विकर कमी पडल्याने पोट फुगते, गुडगुडते, जुलाब होतात. ते त्रासदायक असते, पण जीवघेणे नसते. अशा माणसाला दही बहुतेक वेळा चालते, तर दुधाची खरी ॲलर्जी असलेल्याला दही, ताक, खवा, पनीर यांतले काहीच चालत नाही. हा भेद न केल्याने दोन्ही बाजूंनी नुकसान होते : एकाचे दूध विनाकारण बंद होते आणि दुसऱ्याला ‘थोडे दही खाल्ल्याने काही होत नाही’ असा आग्रह होतो.

सिलिॲक हा गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा करणारा आजार आहे आणि त्याची तपासणी पूर्ण वेगळी आहे. त्यासाठी टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए या प्रतिपिंडांच्या रक्ततपासण्या व गरजेनुसार दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासणे हा मार्ग आहे. येथे एक चूक फार महागात पडते. शेजाऱ्यांचा सल्ला ऐकून आधी पोळी बंद केली जाते, दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासले जाते आणि अहवाल निर्दोष येतो, कारण ग्लुटेन बंद केल्यावर ही प्रतिपिंडे घटत जातात. सिलिॲकची शंका असेल तर तपासणी होईपर्यंत गहू चालूच ठेवावा.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तर्री किंवा सावजी रस्सा खाताना नाक वाहणे, घाम फुटणे, तोंडाची आग होणे ही मिरचीतील कॅप्सायसिनची क्रिया आहे, ॲलर्जी नव्हे. याउलट तोच रस्सा खाल्ल्यावर ओठ सुजले, तळहातांना खाज सुटली, अंगावर गांधी उठल्या, तर मात्र रश्श्यातील प्रत्येक जिन्नसाची चौकशी करणे भाग आहे.

सहा आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज येणाऱ्या गांधींमागे अन्न हे कारण क्वचितच असते. हे वाक्य पटायला सर्वांत अवघड जाते, कारण रोज माणूस काही ना काही खातोच आणि मग शेवटी खाल्लेल्या पदार्थावर आळ येतो. अशा रुग्णाला अन्नाचे मोठे पॅनेल करण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांकडून नियमित औषधोपचार घेणे कितीतरी अधिक हिताचे आहे.

दुसरी पायरी : नोंदवही

माझ्या मते संपूर्ण निदानातील सर्वांत मोलाचे साधन ही साधी वही आहे, आणि ती प्रयोगशाळेत मिळत नाही. प्रत्येक प्रसंगाची वेगळी नोंद करावी. काय खाल्ले, किती खाल्ले, कच्चे होते की शिजवलेले, किती मिनिटांनी पहिले लक्षण आले, ते शरीराच्या कोणत्या भागात आले, किती वेळ टिकले, कोणते औषध दिले आणि त्याने काय झाले, हे सर्व लिहावे. गांधींचे आणि सुजेचे छायाचित्र घ्यावे, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्या बहुधा मावळलेल्या असतात. वेष्टनातील पदार्थ असेल तर घटकांची यादी असलेल्या बाजूचेही छायाचित्र ठेवावे.

पदार्थाचे नाव लिहून थांबू नये, त्याचे जिन्नस लिहावेत. ‘तर्री पोहे’ एवढ्याने डॉक्टरांना काहीच कळत नाही. त्या एका ताटलीत पोह्यांतले शेंगदाणे, फोडणीतील मोहरी, तर्रीतील हरभरा आणि वरची बेसनाची शेव असते. शेंगदाणा आणि हरभरा दोन्ही शिंबावर्गातील, पण एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याची असतेच असे नाही. सावजी मसाल्यात खसखस, सुके खोबरे यांखेरीज काय काय पडते ते खानावळीगणिक बदलते, म्हणून तेथे विचारूनच लिहावे. पाटोडी, झुणका, सांबारवडी यांत बेसन आहे हे आपल्याला माहीत असते, पण बाजारच्या बेसनात वाटाण्याचे पीठ मिसळलेले असू शकते, हेही ध्यानात ठेवावे. पावसाळ्यात बरेच दिवस उघड्या राहिलेल्या पिठात सूक्ष्म कोळी वाढतात आणि धुळीतील कोळ्यांची ॲलर्जी असलेल्या माणसाला असे पीठ खाल्ल्याने तीव्र त्रास झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ताज्या बेसनाने काहीच होत नाही आणि डब्याच्या तळाच्या बेसनाने होते, अशी नोंद असेल तर ती डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

सोबतच्या परिस्थितीचीही नोंद हवी. काहींना नुसती पोळी खाऊन काही होत नाही, पण पोळी खाऊन धावले किंवा खेळले की ॲनाफिलॅक्सिस होतो. ताप, मद्य, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, मासिक पाळी यांमुळेही एरवी सहन होणारे अन्न त्या दिवशी सहन होत नाही. आणि तोच पदार्थ कोणत्या दिवशी खाऊनही काही झाले नाही, ही नोंद तर त्रासाच्या नोंदीइतकीच महत्त्वाची आहे.

तिसरी पायरी : कोणाकडे जावे

मूल असेल तर बालरोगतज्ज्ञ, त्वचेची लक्षणे असतील तर त्वचारोगतज्ज्ञ, दमा किंवा शिंका सोबत असतील तर छातीविकार किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ यांच्यापासून सुरुवात करावी. नागपुरातील मेडिकल व मेयो ही सरकारी रुग्णालये आणि मिहानमधील एम्स येथे या विभागांचे बाह्यरुग्ण कक्ष आहेत. रामदासपेठ-धंतोली परिसरात खासगी तज्ज्ञ आहेत. कुठेही गेलात तरी वेळ ठरवतानाच तीन प्रश्न विचारावेत : येथे स्किन प्रिक म्हणजे त्वचेला टोचून करायची तपासणी होते का, ती करताना ॲड्रेनलिन आणि प्राणवायू हाताशी असतो का, आणि गरज पडल्यास देखरेखीखाली पदार्थ खाऊ घालण्याची चाचणी येथे होते का. या प्रश्नांना सरळ उत्तर न देता थेट मोठे पॅनेल लिहून देणाऱ्या ठिकाणी मी तरी मूल नेणार नाही.

चौथी पायरी : योग्य तपासणी निवडणे

स्किन प्रिक तपासणीत हाताच्या पुढच्या भागावर किंवा लहान मुलाच्या पाठीवर पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून त्यातून त्वचेला हलकेच टोचतात. रक्त येत नाही आणि वेदना नाममात्र असते. सोबत हिस्टामिनचा एक आणि सलाइनचा एक असे दोन थेंब तुलनेसाठी असतात. पंधरा ते वीस मिनिटांनी उठलेली गांध मोजतात आणि ती सलाइनपेक्षा किमान ३ मिलिमीटर मोठी असेल तर तपासणी सकारात्मक मानतात. हिस्टामिनच्या जागी काहीच उठले नाही, तर सगळी तपासणी निरर्थक ठरते. तसे होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे रुग्णाने ॲलर्जीची गोळी बंद केलेली नसणे. म्हणून साधारण पाच ते सात दिवस आधी ही औषधे बंद ठेवावी लागतात, पण ती डॉक्टरांना विचारूनच बंद करावीत. सर्दी-खोकल्याच्या सिरपमध्येही हीच औषधे असतात, हे सांगायचे राहून जाते. तीव्र झटका येऊन गेल्यावर पहिले काही आठवडे तपासणी खोटी नकारात्मक येऊ शकते, त्यामुळे बहुधा चार ते सहा आठवडे थांबतात.

आपल्या खाण्यासाठी या तपासणीचा एक मोठा लाभ आहे. तयार अर्कांच्या पेटीत प्रत्येक पदार्थ असतोच असे नाही, आणि फळांचे व भाज्यांचे अर्क टिकाऊही नसतात. अशा वेळी आधी पदार्थात आणि मग त्वचेत टोचून ताज्या पदार्थाचीच तपासणी करता येते. वांगे, हरभऱ्याची किंवा उडदाची डाळ यांची ॲलर्जी भारतीय रुग्णांत वर्णन केलेली आहे. त्यांपैकी कशाची शंका असेल तर डॉक्टरांना विचारून तो पदार्थ कच्चा व शिजवलेला अशा दोन्ही रूपांत घरून न्यावा.

रक्तातील विशिष्ट आयजीईची तपासणी अंगभर इसब असलेल्यांना, गोळ्या बंद करता न येणाऱ्यांना आणि आधी अतितीव्र झटका आलेल्यांना सोयीची पडते. तिच्यावर ॲलर्जीच्या गोळ्यांचा परिणाम होत नाही आणि उपाशीपोटी जाण्याचीही गरज नसते. काही अन्नांबाबत त्यातील एकेका प्रथिनाविरुद्धचे आयजीई मोजता येते. शेंगदाण्यातील ‘आरा एच २’ हे प्रथिन खऱ्या ॲलर्जीशी अधिक जवळून जोडलेले आहे, आणि गहू खाऊन व्यायाम केल्यावर येणाऱ्या झटक्यांत ‘ओमेगा-५ ग्लायडिन’ तपासतात. ही तपासणी सर्वांना लागत नाही, पण जेथे लागते तेथे ती निकाल फिरवू शकते.

दोन्हींपैकी कोणतीही तपासणी असो, नोंदवहीतून संशय असलेल्या दोन-चार पदार्थांपुरतीच करावी. जो पदार्थ मूल रोज आनंदाने खाते आणि पचवते, त्याची तपासणी कधीही करू नये. त्यातून मिळालेल्या सकारात्मक निकालाचा काहीही उपयोग नसतो, उलट इजा मात्र होऊ शकते.

काही तपासण्या तर घेऊच नयेत. अन्नाविरुद्धची आयजीजी किंवा आयजीजी-४ प्रतिपिंडे मोजून ‘फूड इनटॉलरन्स’चा अहवाल देणाऱ्या पॅनेलना आधार नाही. आयजीजी असणे म्हणजे शरीराची त्या अन्नाशी ओळख आहे एवढेच, आणि युरोप, अमेरिका व कॅनडा येथील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी या तपासणीचा वापर करू नये असे स्पष्ट सांगितले आहे. केसांचा नमुना, नाडीचा वेग किंवा यंत्रावर हात ठेवून ॲलर्जी सांगणे यांनाही पुरावा नाही. अन्नाचा अर्क सुईने त्वचेच्या आत सोडून केलेली तपासणी धोकादायक आहे. त्वचेवर दोन दिवस पट्टी लावून ठेवण्याची तपासणी प्रामुख्याने स्पर्शाच्या ॲलर्जीसाठी असते, आणि गाजरगवताने येणाऱ्या त्वचाविकारात ती उपयोगी पडते, अन्नासाठी तिचा नित्याचा वापर योग्य नाही.

पाचवी पायरी : अहवाल वाचणे

‘टोटल आयजीई’ हा आकडा पाहून घाबरू नये. इसब, दमा, पोटातील जंत अशा कितीतरी कारणांनी तो वाढतो आणि अमुक अन्नाची ॲलर्जी आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. विशिष्ट आयजीईच्या अहवालात ० ते ६ अशा श्रेणी देतात आणि ०.३५ ही सीमा मानण्याची पद्धत जुनी आहे. आकडा जितका मोठा तितकी खरी ॲलर्जी असण्याची शक्यता वाढते, पण झटका किती तीव्र येईल हे आकडा सांगत नाही. लहान आकड्याच्या माणसाला ॲनाफिलॅक्सिस होऊ शकतो आणि मोठ्या आकड्याचा माणूस तोच पदार्थ निर्धास्त खात असू शकतो.

एकाच वेळी अनेक वनस्पतिजन्य पदार्थ सकारात्मक येण्यामागे बरेचदा परागकण असतात. परागकणांतील काही प्रथिने आणि शर्करासाखळ्या अन्नातील घटकांशी मिळत्याजुळत्या असल्याने रक्ततपासणी दोघांत गल्लत करते. शिंका आणि नाक वाहण्याचा जुना त्रास असलेल्या माणसाच्या अहवालात गहू, तीळ, शेंगदाणे, टोमॅटो असे सगळेच थोडेथोडे सकारात्मक दिसले, तर आधी हीच शक्यता विचारात घ्यावी. नकारात्मक निकाल अधिक भरवशाचा असतो, मात्र तो फक्त आयजीई प्रकारापुरताच.

सहावी पायरी : संशय उरल्यास प्रत्यक्ष खाऊन पाहणे, पण रुग्णालयात

इतिहास आणि तपासणी यांचा मेळ बसत नसेल तर संशयित पदार्थ अगदी थोड्या प्रमाणापासून वाढवत नेऊन दर पंधरा ते तीस मिनिटांनी खाऊ घालतात आणि शेवटच्या घासानंतर किमान एक-दोन तास देखरेखीत ठेवतात. निदानाची सर्वांत खात्रीची पद्धत हीच आहे. ज्यांना पूर्वी लगेच उमटणारा त्रास झाला आहे, त्यांनी ती घरी कधीही करून पाहू नये. मुलाला ताप, खोकला किंवा दम्याचा त्रास असेल त्या दिवशी ती पुढे ढकलावी. यात त्रास झाला नाही तर एक पदार्थ कायमचा मोकळा होतो, त्यामुळे नुसत्या भीतीपोटी ही चाचणी टाळू नये.

उशिरा उमटणाऱ्या, तीव्र नसलेल्या लक्षणांसाठी वेगळी रीत आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने एकच पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करतात आणि नंतर तो पुन्हा सुरू करून लक्षणे परततात का ते पाहतात. ही दुसरी अर्धी बाजू बहुतेक घरांत राहून जाते. पदार्थ बंद केल्यावर बरे वाटले म्हणून तो वर्षानुवर्षे बंदच राहतो.

सातवी पायरी : पदार्थ वर्ज्य करणे

निदान पक्के झाले की तो पदार्थ पूर्ण बंद करावा, आणि निदान पक्के नसेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काहीही बंद करू नये, असे मी ठामपणे म्हणेन. शाकाहारी घरातील मुलाचे दूध आणि डाळी एकदम थांबवल्या तर त्याच्या प्रथिनांचे आणि कॅल्शियमचे मुख्य स्रोतच जातात आणि वाढ खुंटते. त्याहून गंभीर गोष्ट ही की, इसब असलेल्या बाळांत आधी पचणारे अन्न केवळ अहवालावरून बराच काळ बंद ठेवल्यास शरीराची सवय मोडू शकते, आणि ते पुन्हा दिल्यावर तीव्र झटका आल्याची उदाहरणे आहेत. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळाला शेळीचे किंवा म्हशीचे दूध देण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. तो धोकादायक आहे, कारण या दुधांतील प्रथिने इतकी सारखी आहेत की, गाईचे दूध न चालणाऱ्या बहुतेक मुलांना तीही चालत नाहीत.

स्वयंपाकघरात वेगळा झारा, वेगळी कढई आणि तळणाचे वेगळे तेल ठेवावे. सिलिॲकच्या रुग्णासाठी गिरणी हा मोठा प्रश्न असतो, कारण गव्हानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली की त्या पिठात गहू येतोच. त्यांनी घरगुती गिरणी वापरावी किंवा ग्लुटेनमुक्त असे लिहिलेले पीठ घ्यावे, ज्यात कायद्याने किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांसाठी उपवासाचा दिवस सर्वांत अवघड असतो, कारण साबुदाण्यात, भगरीच्या आमटीत आणि बटाट्याच्या भाजीत सगळीकडे कूट असते. भंडारा, महालक्ष्मीचे जेवण, लग्नाची पंगत येथे वाढणाऱ्याला विचारून उपयोग होत नाही, आचाऱ्यालाच विचारावे लागते. शाळेत वर्गशिक्षकांना लेखी कळवावे आणि डबा वाटून न खाण्याबद्दल मुलाला घरी शिकवावे.

वेष्टनावर वाचताना देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) २०२०च्या लेबलिंग नियमांचा आधार घेता येतो. त्यांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कठीण कवचाचा सुकामेवा, सोयाबीन आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा अधिक सल्फाइट यांची घोषणा वेष्टनावर करावी लागते. तीळ, मोहरी, हरभरा आणि इतर डाळी या यादीत नाहीत, म्हणून त्यांची ॲलर्जी असलेल्यांना घटकांची पूर्ण यादीच वाचावी लागते. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाची घोषणा बंधनकारक आहे. संक्रांतीला घरोघरी तिळगूळ वाटणाऱ्या आपल्या राज्यातही तसे व्हावे, असे मला मनापासून वाटते. चटण्या, मसाले, शेव करून विकणाऱ्या बचत गटांनी एकाच यंत्रावर काय काय दळले जाते ते वेष्टनावर प्रामाणिकपणे लिहावे. यंत्र धुतल्यानंतर शेंगदाण्याचे किंवा गव्हाचे प्रथिन मागे उरले का, हे एलायझा पद्धतीने मोजणाऱ्या अन्नतपासणी प्रयोगशाळा असतात. नमुना देण्यापूर्वी प्रयोगशाळेला त्याच तपासणीसाठी एनएबीएल या प्रयोगशाळांना प्रमाणित करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आहे का, ते पाहून घ्यावे.

आठवी पायरी : औषधाची तयारी

ज्यांना ॲनाफिलॅक्सिस झाला आहे त्यांनी डॉक्टरांकडून लेखी कृतियोजना आणि ॲड्रेनलिन जवळ ठेवण्याचे प्रशिक्षण घ्यावे. परदेशांत आपोआप टोचणारे पेन सहज मिळतात. आपल्याकडे बहुतेकांना ॲम्प्युल (औषधाची काचेची बंद कुपी) आणि सिरिंजवर अवलंबून राहावे लागते, म्हणून भरण्याचा सराव डॉक्टरांसमोरच करावा. मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेल्या द्रावणाचा डोस वजनाच्या किलोमागे ०.०१ मिलिलिटर असतो, म्हणजे १५ किलोच्या मुलाला ०.१५ मिलिलिटर, आणि प्रौढांत कमाल ०.५ मिलिलिटर. आपल्या मुलाचा आकडा कृतियोजनेवर ठळक लिहून घ्यावा आणि वजन वाढेल तसा बदलून घ्यावा.

हे औषध साधारण २५ अंशांखाली, अंधारात आणि न गोठवता ठेवायचे असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या नागपुरात ही अट साधी नाही. ते कारमध्ये, दुचाकीच्या डिकीत किंवा खिडकीजवळ कधीही ठेवू नये. इन्सुलिनसाठी मिळणारी, पाण्याने थंड राहणारी पिशवी प्रवासात वापरता येते. द्रावण गुलाबी किंवा तपकिरी झाले, किंवा मुदत संपली, तर लगेच नवे आणावे.

नवव्या पायरीत बाळे आणि फेरतपासणी

घरात ॲलर्जी आहे म्हणून बाळाला शेंगदाणे किंवा अंडे उशिरा देण्याची जुनी समजूत आता मागे पडली आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील ‘लीप’ अभ्यासात, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या जोखमीच्या बाळांना पहिल्या वर्षातच नियमित शेंगदाणे दिल्यावर पाच वर्षांच्या वयात शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. वरचे अन्न सुरू झाले की शेंगदाण्याचे बारीक कूट पेजेत किंवा वरणात कालवून द्यावे. अख्खा दाणा कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. बाळाला तीव्र इसब असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला गोवर-रुबेलाची लस देता येते, त्यासाठी लसीकरण थांबवू नये.

दूध आणि अंड्याची ॲलर्जी असलेली बहुतेक मुले वाढत्या वयात त्यातून बाहेर पडतात, शेंगदाण्याच्या बाबतीत हे भाग्य सुमारे पाचांतील एकाला लाभते, आणि मासे-कोळंबीची ॲलर्जी बहुधा टिकून राहते. म्हणून दूध-अंड्यासाठी लहानपणी साधारण सहा ते बारा महिन्यांनी फेरविचार करावा. त्या भेटीला जुना अहवाल, नोंदवही, मुलाचे वजन-उंचीचे आकडे आणि मधल्या काळात चुकून पदार्थ पोटात गेला असल्यास त्याची तारखेसह नोंद सोबत न्यावी. आकडा घसरत गेला असेल तर डॉक्टर देखरेखीखाली पुन्हा खाऊ घालून पाहण्याचा निर्णय घेतात, आणि भाजलेल्या केकमधील दूध किंवा अंडे हे त्यातील पहिले पाऊल असू शकते, कारण दीर्घकाळ उष्णता लागल्याने या प्रथिनांची रचना बदलते आणि अनेक मुलांना ती आधी पचू लागतात.